शस्त्र आपले, पोथी कुणाची?

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी जेथे सागराला मिळते, तेथे पूर्णगड उभा आहे. आकाराने हा किल्ला लहान. तो शिवछत्रपतींनी बांधला की कान्होजी आंग्रे यांनी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. येणारा पर्यटक तट-बुरूज पाहतो, खाली पसरलेला समुद्र पाहतो आणि परततो. परंतु असा गड केवळ चिऱ्यांच्या आणि तोफांच्या बळावर राखला जात नसे. कोकणच्या दमट हवेत दारू कोरडी कशी ठेवावी, पावसाळ्याआधी गलबतांची छावणी कोठे करावी, हे जाणणारी माणसे लागत. ते ज्ञान एका माणसाबरोबर संपू नये, यासाठी ते लिहूनही ठेवावे लागे.

रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ चे आज्ञापत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण त्याचा गौरव करतो. परंतु त्यातील दुर्ग आणि आरमार या प्रकरणांतील तपशील आजच्या लष्करी हस्तपुस्तिकेत शोभावा असा आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, तेथे अहोरात्र पहारा असावा, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. काम कोणते, ते कोणी करायचे, किती दिवसांनी करायचे आणि झाल्याची खूण कोणती, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. आजची तांत्रिक पुस्तिका याहून निराळे काय सांगते?

हा वारसा असलेल्या समाजाने आज स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. शस्त्र आपल्या कारखान्यात तयार झाले म्हणजे ते आपले झाले काय? ते चालवण्याची, उघडण्याची, दुरुस्त करण्याची पोथी जोवर परक्याच्या हाती आहे किंवा आपल्याच कपाटात न वाचता पडून आहे, तोवर ते शस्त्र उसने आहे, असेच म्हणावे लागेल.

बोफोर्सचे उदाहरण पाहावे. १९८६ च्या करारानुसार १५५ मिलिमीटरच्या तोफांबरोबर त्या येथे बनवण्यासाठी लागणारे तांत्रिक दस्तऐवजही भारताला मिळाले. १९८७ मध्ये दलालीचे प्रकरण उघडकीस आले. त्या वादळात सारा देश गुंतला आणि कागद तसेच पडून राहिले. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर याच तोफांनी पराक्रम गाजवला, तरीही आपण नवी तोफ घडवली नव्हती. अखेर त्याच दस्तऐवजांच्या आधारे ‘धनुष’ सिद्ध झाली आणि जबलपूरच्या कारखान्यातून तिच्या पहिल्या तोफा लष्कराच्या हाती पडल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. ज्ञान मिळवण्यासाठी मोजलेले मोल तीन दशके निष्फळ राहिले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. माझगाव गोदीत फ्रेंच सहकार्याने स्कॉर्पीन वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या जात असता, ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्याविषयीची २२,४०० पाने फुटल्याचे वृत्त एका ऑस्ट्रेलियन दैनिकाने दिले. ही गळती भारताबाहेरून झाल्याचे दिसते, असे नौदलाने तेव्हा सांगितले. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. पाणबुडी आपल्या गोदीत, पण तिची माहिती अनेक देशांच्या दप्तरांत, अशी स्थिती असेल तर आपला पहारा अपुराच पडणार.

मग ही पोथी रचायची कशी? आधुनिक शस्त्राबरोबर एक पुस्तक येत नाही, ग्रंथालयच येते. चालवणाऱ्यासाठी एक पुस्तिका, देखभालीसाठी दुसरी, दोष शोधण्यासाठी तिसरी, शिवाय सुट्या भागांची सचित्र सूची. एक झडप बदलली की चारही ठिकाणचा मजकूर बदलावा लागतो आणि एक जागा राहून गेली तर सैनिकाच्या हाती चुकीचा आकडा पडतो. म्हणून युरोपातील विमान-उद्योगाने १९८० च्या दशकापासून माहितीचा प्रत्येक घटक एकदाच लिहून, त्याला क्रमांक व आवृत्ती देऊन, हवा तेथे जोडण्याची पद्धत घडवली. एस १००० डी या नावाने ती जगभर मान्य झाली. आपल्याकडेही तिन्ही दलांसाठी संयुक्त मार्गदर्शिका आहे. उणीव आहे ती या कामाला प्रतिष्ठा देण्याची. पुस्तिका हा कराराच्या शेवटी उरकायचा कारकुनी भाग, असाच समज रूढ आहे.

काही अनुभवी मंडळी म्हणतात की, जवान पुस्तक वाचून शिकत नाही, उस्तादाच्या हाताखाली शिकतो. यात तथ्य आहे. परंतु २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि बहुसंख्य अग्निवीरांची सेवा चार वर्षांची झाली. उस्तादाजवळ राहण्याचा काळ आटला, तसे लिखित शब्दाचे दायित्व वाढले. शिवाय उस्तादही निवृत्त होतो.

येथे भाषेचा प्रश्न येतो. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रांचा आणि दुर्गांचा स्वतंत्र वर्ग आहे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्यामागील हेतू होता; एका वस्तूला एक निश्चित शब्द, हे सूत्र आज आपण पाळायला हवे. खेड्यातील मराठी शाळेतून आलेल्या जवानाला रात्रीच्या अंधारात, शून्याखालच्या थंडीत जी सूचना पाळायची आहे, ती त्याला एका वाचनात कळलीच पाहिजे. बोजड इंग्रजीचे तितकेच बोजड भाषांतर त्याच्या उपयोगाचे नाही.

मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने रचलेल्या ३०७ एटीएजीएस तोफांचे करार झाले. या तोफेची मूळ पोथी परदेशात नाही. ती आपल्यालाच लिहायची आहे. ती तोफेबरोबरच सिद्ध व्हावी, तिची परीक्षा प्रत्यक्ष जवानाकडून व्हावी आणि त्याने दाखवलेली त्रुटी पुढच्या आवृत्तीत दुरुस्त व्हावी, एवढी अट प्रत्येक करारात कसोशीने पाळली गेली पाहिजे. आपल्या घरांतील ज्या अभियंता मुला-मुलींना यंत्र कळते आणि भाषाही वश आहे, त्यांनी या क्षेत्राकडे कमी प्रतीची नोकरी म्हणून पाहू नये. अचूक लिहिलेले एक पान सीमेवर एक प्राण वाचवू शकते. राष्ट्ररक्षणाचे असे काम लेखणीच्या वाट्याला क्वचित येते.