टॉनिकआधी ताट बघा

टॉनिकच्या बाटलीवर ‘पँटोथेनिक ॲसिड’ लिहिलेले असते. ते म्हणजे ब-५ जीवनसत्त्व. खाल्लेल्या भाकरी-डाळीपासून शरीराला शक्ती मिळायला ते लागते. १९३३ साली रॉजर विल्यम्स यांनी ते शोधले. ‘सगळीकडून’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले, कारण बहुतेक प्रत्येक अन्नात ते थोडेफार असतेच. मोठ्या माणसाला दिवसाला ५ मिलिग्रॅम पुरते. शेंगदाणे, अंडी, कलेजी, डाळी, बाजरी यांतून ते मिळते. पॉलिश केलेल्या तांदळात ते घटते. भाताचे पाणी ओतून दिले की आणखी जाते.

दुसऱ्या महायुद्धात उपाशी युद्धकैद्यांच्या तळपायांची आग होई, ती याच्या कमतरतेशी जोडली गेली. आज तळपाय जळत असतील तर टॉनिक आणू नका, आधी मधुमेह तपासून घ्या. बाटलीच्या पैशांत मुलांना अंडी मिळतील.