विश्लेषण : गांजालाही ‘मकोका’, पण बुलढाण्यात खटला अडतो कुठे?

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातील, म्हणजेच ‘मकोका’तील, एका दुरुस्तीला मंजुरी दिली. अमली पदार्थांचे उत्पादन, वाहतूक, साठा आणि विक्री या गोष्टी संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत आणणे, हा तिचा गाभा. तेव्हापासून मलकापूरला महामार्गावर गांजाची गाडी पकडली जावो, की देऊळगाव राजाकडे तुरीच्या शेतात झाडे सापडोत, चौकातली मागणी ठरलेली असते : मकोका लावा. मागणी समजण्यासारखी आहे. ज्या घरातला मुलगा नशेला लागला, त्या घराला कलमांची चर्चा नको असते. पण कायदा कडक झाला म्हणजे आरोपी तुरुंगात राहील, हे गृहीतक तपासून पाहायला हवे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तर नक्कीच.

दुरुस्तीने नेमके काय वाढले?

अमली पदार्थांसाठी १९८५ चा केंद्रीय कायदा आहे. ‘एनडीपीएस’ या नावाने तो ओळखला जातो आणि मुळातच तो सौम्य नाही. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, वीस किलोपासून पुढे व्यावसायिक प्रमाण. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, याच्यासाठी हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. जामीनही जवळपास बंद : आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाचे समाधान झाल्याशिवाय कलम ३७ त्याला बाहेर सोडू देत नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात आणि ती मुदत वर्षापर्यंत वाढवून घेता येते.

म्हणजे मोठ्या साठ्यापुरते पाहिले, तर जामिनाची आणि मुदतीची कडक तरतूद आधीपासून होती. मकोकाने भर पडते ती दुसरीकडे. एक, साठा व्यावसायिक प्रमाणाखाली असला तरी जामिनाची तीच दुहेरी अट लागू होऊ शकते. दोन, किमान पाच वर्षे शिक्षा आणि किमान पाच लाख रुपये दंड. आणि तीन, ज्याची चर्चा फारशी झाली नाही तो मुद्दा म्हणजे कबुलीजबाब.

सर्वसाधारण नियम असा, की पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. अमली पदार्थांच्या प्रकरणांत तपास अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेल्या जबाबांवर अनेक वर्षे शिक्षा होत राहिल्या. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग प्रकरणात दोन विरुद्ध एक मताने तो मार्ग बंद केला. हे अधिकारी पोलीसच आहेत, म्हणून त्यांच्यापुढची कबुली चालणार नाही, असा तो निकाल. मकोकाचे कलम १८ मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून स्वीकारते आणि ती सहआरोपींविरुद्धही वापरता येते. ही तरतूद संपुष्टात आलेल्या ‘टाडा’च्या वळणाची आहे. कबुली ऐच्छिक असावी, नोंदवल्यावर विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी, अशा अटी आहेत. तरीही सर्वोच्च न्यायालयाने समोरून लावलेले दार राज्याने बाजूने उघडले, असेच माझे मत आहे.

मकोका कोणावरही लावता येतो का?

नाही. टोळी दाखवावी लागते. गेल्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे दाखल झालेली असावीत, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी आणि गुन्हे तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचे असावेत. गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते; आपल्यासाठी ती फाईल अमरावती परिक्षेत्राकडे जाते. तपास उपअधीक्षक दर्जाखालचा अधिकारी करू शकत नाही. खटल्यासाठी पुन्हा अपर पोलीस महासंचालकांची परवानगी. या चाळण्या चांगल्या आहेत आणि त्या नसत्या तर १९९९ चा हा कायदा टिकला असता का, शंकाच आहे.

पण एक बारीक गोष्ट आहे. दोन दोषारोपपत्रे प्रत्येक आरोपीवर असावी लागत नाहीत. टोळीवर असली तरी पुरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ज्याच्यावर आयुष्यात एकही गुन्हा नाही, असा भाड्याने बोलावलेला पिकअपचालक त्याच यादीत बसू शकतो. त्याने जाणूनबुजून मदत केली, हे सरकारला सिद्ध करावे लागेल, हे खरे. मात्र ते सिद्ध होणार खटल्यात, आणि खटला उभा राहीपर्यंत तो आत.

दुरुस्तीपूर्वी पोलिसांचे हात बांधलेले होते, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळालेल्या ललित पाटीलवर आणि त्याच्या साथीदारांवर एमडीच्याच प्रकरणात मकोका लावला गेला होता. दुरुस्तीने संदिग्धता संपली, एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

बुलढाण्यात प्रश्न कुठे आहे?

आपल्याकडे प्रश्न मुख्यतः गांजाचा आहे, आणि तो दोन वाटांनी येतो. ओडिशा-आंध्रच्या डोंगरी पट्ट्यातून नागपूरमार्गे रस्त्याने पश्चिमेकडे जाणारा माल ही एक वाट. त्या प्रवासात नांदुरा, मलकापूर, आणि आता समृद्धी महामार्गामुळे मेहकर, सिंदखेडराजा हा पट्टा लागतो. दुसरी वाट शेतातून जाते. कपाशी आणि तुरीच्या ओळींत लावलेली झाडे बांधावरून सहज दिसत नाहीत.

शेतातल्या प्रकरणात खटल्याची खरी परीक्षा पहिल्या तासात होते. कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्षात ओली झाडे मुळासकट उपटायची, मातीसह गठ्ठा बांधायचा, काट्यावर टाकायचा आणि ‘इतके क्विंटल गांजा, इतके लाखांचा मुद्देमाल’ अशी प्रेसनोट काढायची, असे घडते. (ती प्रेसनोट आम्हीही तशीच छापतो, हेही नोंदवायला हवे.) मग बचाव पक्षाचे वकील एकच प्रश्न विचारतात : यातले शेंडे किती आणि खोड किती? शेंडे, पाने आणि देठ वेगळे न करता वजन केल्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्याची उदाहरणे आहेत. लागवडीच्या गुन्ह्याला वजनाचा निकष नाही. कलम २० (अ) खाली झाडे किती का असेनात, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण पोलीस लागवडीसोबत साठ्याचेही कलम लावतात आणि तिथे वजनावर सगळे अवलंबून असते.

हीच कथा नमुन्यांची. कलम ५२-अ नुसार जप्त मालाची यादी आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रमाणित व्हावे लागतात. २०१६ च्या मोहनलाल निकालात हे बजावले गेले, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी स्वतंत्र नियमही केले. इथे त्रुटी राहिली म्हणून केवळ तेवढ्यावर खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मधील दोन निकालांत सांगितले. पोलिसांना हा दिलासा आहे; पण उरलेला पुरावा भक्कम असेल तरच. घराची किंवा गोदामाची झडती घेण्याआधी मिळालेली खबर लिहून ठेवणे, तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवणे, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आरोपीला सांगणे, या जुन्या अटी कायम आहेत. मकोका लावला म्हणून त्यांतली एकही सुटत नाही. विहिरीवर पाचऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची मोटार बसवली आणि पाइप तुंबलेलाच ठेवला, तर शेतात पाणी वाढत नाही, बिल वाढते.

त्यानंतर येतो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. बुलढाण्याहून नमुने अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात, रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. विभागातल्या इतर जिल्ह्यांचे कामही तिथेच. अहवाल येत नाही तोवर पाकिटात गांजा होता हे कागदावर ठरत नाही आणि आरोपीचा जामीन अर्ज तारखांवर फिरत राहतो. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ असतानाही जामीन देता येतो. म्हणजे दिरंगाईने दोन्ही बाजूंनी नुकसान : निर्दोष असेल तो वर्षानुवर्षे आत, आणि खरा सूत्रधार त्याच दिरंगाईचा आधार घेऊन बाहेर.

कायद्यात आधीच असलेले पण कुणी न वापरलेले एक कलमही आहे. कलम ४७ नुसार बेकायदा लागवड कानावर येताच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवणे हे प्रत्येक सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावाच्या कुठल्याही अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हलगर्जी केली तर शिक्षा आहे. शेतमालकावर तीच जबाबदारी कलम ४६ टाकते. तलाठी, कृषी सहायक, पोलीस पाटील हे सगळे त्यात आले. ई-पीक पाहणीच्या ॲपवर प्रत्येक गटातल्या पिकाचे छायाचित्र सरकारकडे जमा होते, पीकविम्यासाठी शिवारात पंचनामे होतात, आणि चार-पाच महिने उभ्या असलेल्या झाडांचा पत्ता मात्र ‘गुप्त बातमीदारा’लाच लागतो.

शस्त्रांबाबत राज्य काय करू शकते?

इथे चित्र वेगळे आहे. शस्त्रे आणि दारूगोळा हा संविधानाच्या केंद्र सूचीतला विषय आहे. त्यामुळे राज्याला स्वतःचा शस्त्र कायदा करता येत नाही. १९५९ चा केंद्रीय कायदाच चालतो. डिसेंबर २०१९ मध्ये तो कडक झाला. विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षे शिक्षा होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. बेकायदा निर्मिती आणि विक्रीला किमान सात वर्षे ते जन्मठेप.

संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आहे, पलीकडे बुऱ्हाणपूर जिल्हा. तिथले पाचोरी हे गाव देशी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. पूर्वापार शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरांच्या हातात दुसरे काम आले नाही आणि दलालांनी त्याचा फायदा उठवला. सोनाळा, टुनकी भागात नाकाबंदीत गावठी कट्टे आणि जिवंत काडतुसे सापडतात ती याच वाटेने आलेली. पकडला जातो तो बहुधा दुचाकीवरचा पोरगा. माल बनवणारा राज्याबाहेर, विकत घेणारा पुणे-मुंबईकडे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांच्या पथकाने बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गावात जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. शहरात सापडलेल्या पिस्तुलांचा माग काढत ते तिथपर्यंत गेले होते. हे सोपे काम नाही; त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे जळगाव जिल्ह्यातल्या पोलीस पथकावर हल्ला झाला होता. पण या कारवाईला कुठलीही दुरुस्ती लागली नाही. जुन्याच कायद्याने ती झाली. पाचोरीच्या बाबतीत तसे व्हायचे, तर पुढाकार बुलढाणा आणि बुऱ्हाणपूरच्या दोन अधीक्षकांना एकत्र घ्यावा लागेल.

राज्याच्या हाती उरते ते प्रतिबंधक शस्त्र. १९८१ च्या एमपीडीए कायद्यात अमली पदार्थांचे गुन्हेगार आहेत आणि ‘धोकादायक व्यक्ती’च्या व्याख्येत शस्त्र कायद्याखालील गुन्हेही आहेत. जिल्हाधिकारी अशा व्यक्तीला खटल्याविना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकतात. हे प्रशासनाला सोयीचे आहे. पण जिथे खटला चालवून शिक्षा मिळवता येते तिथे स्थानबद्धता ही पळवाट ठरते, कारण वर्ष संपले की माणूस कोऱ्या पाटीने परत येतो.

आता विचारायचे काय?

जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘किती जणांवर मकोका लावला’ हा प्रश्न कुणीतरी विचारेलच आणि मंत्र्यांना त्याचे उत्तर द्यायला आवडेलही. त्याऐवजी बुलढाण्यापुरती माहिती मागावी : अमली पदार्थांचे किती खटले सीए रिपोर्टअभावी थांबले आहेत, किती प्रकरणांत नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढले गेले, कलम ४७ खाली आजवर किती अधिकाऱ्यांना नोटिसा गेल्या. आणि शस्त्र कायद्याचे कलम ३९ सांगते, की विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय चालवता येत नाही. तशा परवानगीची किती प्रकरणे बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किती दिवसांपासून पडून आहेत?