वेबसाईट जरूर करा, पण मिस्त्री तालुक्यात मिळाला पाहिजे



आपल्या गटातील ऊस उत्पादक मंडळाने स्वतःची वेबसाईट काढावयाचे ठरविले, ही आनंदाची गोष्ट आहे. तोडणीच्या सूचना, पाण्याच्या पाळ्या, माती परीक्षणाची शिबिरे, सभेचे इतिवृत्त हे सारे सभासदास घरबसल्या मोबाईलवर दिसावे, हा हेतू चांगला आहे. पण गेल्या दोन बैठका एकाच मुद्द्यावर अडल्या. वेबसाईट बांधायची कशात? एक पोरगा म्हणतो रिऍक्ट, दुसरा म्हणतो जँगो, तिसरा म्हणतो वर्डप्रेस. वडीलधारी मंडळी नुसत्या माना डोलावतात. आमचे मत असे की, यात माना डोलावून भागणार नाही. पैसा मंडळाचा, तेव्हा निर्णयही मंडळाचाच पाहिजे.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. प्रत्येक घराला पाया नव्याने शोधून काढावा लागू नये, तशी ही सोय. वर्डप्रेस 2003 साली निघाले. जँगो 2005 साली सर्वांना खुले झाले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ते घडले. रिऍक्ट 2013 साली फेसबुकने खुले केले. तिन्ही चांगली आणि तिन्ही फुकट. पण फुकटच्या गाईलाही वैरण लागतेच!

म्हणून आमचा पहिला सवाल असा : बांधणारा पोरगा उद्या नोकरीला पुण्याला गेला, की मागे कोण बघणार? आपण इंजिन घेताना नुसता रंग बघत नाही. सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याला मिळतो का, ते आधी विचारतो. इथंही तेच. आज जगातील दर पाच वेबसाईटींपैकी सुमारे दोन वर्डप्रेसवर चालतात. त्यामुळे ते जाणणारा माणूस जवळपास सापडतो.

दुसरा सवाल टिकण्याचा. गूगलने 2010 साली अँग्युलर जेएस काढले. 2016 साली त्याची नवी आवृत्ती आली ती इतकी निराळी, की जुने काम बहुतांशी नव्याने लिहावे लागले. 2021 अखेर जुन्याची देखभालच बंद झाली. ड्रुपल 7 ची देखभालही जानेवारी 2025 मध्ये संपली. मोठ्या कंपनीस हा खर्च झेपतो, मंडळास झेपत नाही.

तिसरा सवाल कामाचा. रिऍक्ट हे पडद्यावर क्षणाक्षणाला बदल होणाऱ्या कामासाठी सोयीचे. आपल्याला सूचनाफलक हवा आहे. वस्तीवर रेंज एक काडी असते. तिथं पान हलकं पाहिजे. जँगो उत्तम आहे, सभासदवार खाती ठेवायची तर उपयोगीही पडेल; पण उसाचे वजन आणि बिल हे कारखान्याच्या शेती व हिशेब खात्याचे काम, मंडळाचे नव्हे.

यास्तव आमचे स्पष्ट मत वर्डप्रेसच्या बाजूने आहे. सेक्रेटरीला स्वतः मोबाईलवरून सूचना टाकता येते, हा मोठा फायदा. त्याचा दोषही सांगितला पाहिजे. दिसेल ते प्लगइन जोडत गेलं आणि वेळेवर नव्या आवृत्त्या घेतल्या नाहीत, तर चोर आत शिरतो. तेव्हा प्लगइन मोजकेच ठेवावेत आणि महिन्यातून एकदा तपासणी करून नक्कल काढून ठेवावी. मजकूर युनिकोड मराठीतच टाकावा, नाही तर फोनवर अक्षरांऐवजी खडे दिसतील. सभासदांचे आधार वा बँक खात्याचे नंबर त्यावर कदापि नकोत.

आणि सांगाड्याहून मोठी गोष्ट मालकीची. मागे मंडळाने एक वेबसाईट काढली होती. नाव एका पोराच्या खात्यावर, पासवर्ड त्याच्याच ध्यानात. तो परगावी गेला, वार्षिक फी भरायची राहिली आणि वेबसाईट गेली. तीन वर्षांची इतिवृत्ते त्यातच गेली. दोष पोराचा नव्हे. विचारणा न करणाऱ्या आम्हा थोरांचा. या खेपेस नाव मंडळाच्या नावे घ्यावे, पासवर्ड दोघा पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात असावा आणि फीची तारीख प्रोसिडिंग बुकात लिहावी.

पोरांच्या हुशारीवर आमचा भरवसा आहे. त्यांनी येत्या बैठकीत एवढेच सांगावे : आम्ही गावात नसलो, तर हे कोण चालवील? ज्याचे उत्तर पक्के, त्याच्या बाजूने ठराव करावा.