ढकला, ढकला!

बुद्धिबळाच्या पटाभोवती जमणाऱ्या बघ्यांविरुद्ध माझी जाहीर तक्रार आहे. खेळणारे दोन असतात आणि सल्लागार सात. एखाद्या प्याद्याची वाट जरा मोकळी झाली, की सातांच्या तोंडून एकच मंत्र निघतो : "ढकला, ढकला! वजीर होतोय आता!"

आमच्या वसमतला, निवृत्त हेड कॅशियर साहेबांच्या ओसरीवर, हा मंत्र मी रोज संध्याकाळी ऐकतो. हळदीच्या हंगामात त्यात दोन-तीन अडत्यांचेही आवाज मिसळतात.

ज्याच्या समोर आणि शेजारच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांत शत्रूचं प्यादं आडवं यायला उरलेलं नाही, ते मोकळं प्यादं. इंग्रजीत त्याला 'पास्ड पॉन' म्हणतात. मी पडलो बी. कॉम. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, सी.ए.आय.आय.बी. पास झालेलं प्यादं असणार. पुढे कळलं, फारसा चुकलो नव्हतो.

या प्याद्याची ताकद मी नाकारत नाही. ते एकेक घर चढतं तशी शत्रूची झोप उडते. निमझोविच नावाच्या उस्तादाने तर १९२५ साली 'माय सिस्टिम' या ग्रंथात त्याला थेट गुन्हेगारांत जमा करून कोंडून ठेवायला सांगितलं. बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर नाकासमोर चालणं! पण उपाय मात्र त्याने अचूक सांगितला : समोर घोडा बसवा. वाट अडली की तेच प्यादं मालकाच्या गळ्यात पडतं.

परवा माझं तसंच झालं. बघ्यांचं ऐकून मी प्यादं सातव्या घरापर्यंत रेटलं. उरलं एकच घर, आणि तिथे साहेबांचा घोडा येऊन बसला. मग माझा हत्ती प्याद्याच्या राखणीला, राजा हत्तीच्या राखणीला. तिकडे साहेबांनी दुसऱ्या बाजूची माझी तीन प्यादी शेंगदाण्यासारखी वेचून खाल्ली. डाव संपला तेव्हा सातही सल्लागार म्हणाले, "तुम्ही ढकलायची घाई केली!"

आता हेच लोक मला दिव्या देशमुखचं उदाहरण देतात. नागपूरची ही एकोणीस वर्षांची मुलगी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकात उतरली, तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं आणि ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म गाठीशी नव्हता. कोनेरू हंपीला टायब्रेकरमध्ये हरवून ती विजेती झाली आणि त्याच क्षणी ग्रँडमास्टरही. प्यादं थेट आठव्या घरात! "बघा," म्हणतात, "असं ढकलायचं असतं." अहो, पण जिंकल्यावर ती रडत रडत कोणाच्या मिठीत शिरली ते बघितलंत का? आईच्या. आई तिथे हजर होती. हत्ती मोकळ्या प्याद्याच्या मागे उभा करावा, असं डॉ. टाराश सांगून गेले, ते याचसाठी.

मागे हत्ती नसेल तर निदान शेजारी भाऊबंद तरी हवेत. १८३४ साली लंडनमध्ये ला बुर्दोने या फ्रेंच खेळाडूची तीन काळी प्यादी खांद्याला खांदा लावून वजीर होण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. समोर मॅकडोनेलचा वजीर धडधाकट होता, तरी त्याला डाव सोडावा लागला. एकट्या प्याद्याची ती छाती नव्हती.

हे मी इतक्या तावातावाने का सांगतो? कारण एकदा मलाही ढकललं होतं. प्रमोशनची परीक्षा पास झालो आणि सगळी शाखा ओरडली, "जा, जा! ऑफिसर व्हा!" जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं ज्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचेल, तिथलंच मोहरं होई, घोड्याच्या पट्टीत पोचलं तर घोडा. बँकेतही तसंच. जिथे खुर्ची रिकामी तिथले तुम्ही. माझी खुर्ची चारशे किलोमीटरवर निघाली.

हिची शाळेतली नोकरी इथे, म्हातारी आई इथे, पोरांच्या परीक्षा इथे. मी तिकडे एका खोलीत, एका गॅसच्या शेगडीपुढे. पगार वाढला, तो एस.टी.ला गेला. आई आजारी पडली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. ही म्हणाली, "तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून नाही सांगितलं." त्या रात्री हिशोब मांडला. असा ताळेबंद मी जन्मात पाहिला नव्हता : जमेच्या बाजूला फक्त हुद्दा.

आठ महिन्यांनी अर्ज करून मी पुन्हा क्लार्क झालो. बघ्यांनी हळहळ केली. पटावरच्या प्याद्याला मागे फिरायची सोय नाही. मला होती, ती मी वापरली. त्यात लाज कसली?

वर चढू नका, असं मी म्हणत नाही. चढा. पण ढकलणाऱ्यांपैकी एकाला तरी विचारा, "मागे कोण उभं राहणार? तुम्ही?" ओसरी कशी चटकन रिकामी होते बघा.

काल साहेबांचं प्यादं मोकळं झालं. सातही जण ओरडले, "ढकला, ढकला!" साहेबांनी ढकललं. मी घोडा उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि चहा सांगितला. घाई कसली होती?