गणवेश आला कॉलेजात!



एन.सी.सी.ची परेड तुम्ही पाहिलीच असेल. पंधरा ऑगस्टला खाकी गणवेशातले ताई-दादा ‘दाहिने मुड’ ऐकताच कसे एका झटक्यात वळतात! आपल्याकडे एन.सी.सी. १९४८ मध्ये सुरू झाली. चीनबरोबरच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये ती कॉलेजातल्या मुलांना सक्तीची केली गेली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. एन.सी.सी.त गेलं म्हणजे पुढे सैन्यात जावंच लागतं, असं मात्र नाही बरं का! परेड करा, कॅम्प करा, सर्टिफिकेट घ्या आणि पुढे डॉक्टर व्हा नाहीतर दुकान काढा. कुणी अडवत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्येही अशीच दिसणारी एक संस्था आहे. तिचं नाव रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, थोडक्यात आर.ओ.टी.सी. पण तिथला व्यवहार वेगळा आहे. सरकार शिष्यवृत्ती देतं, कॉलेजची फी भरतं. आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने पदवीनंतर काही वर्षं सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी करायची असते. या संस्थेवरून अमेरिकेत इतकी भांडणं झाली, की सर्वोच्च न्यायालयापर्यंत गोष्ट गेली. आज त्याचीच हकिगत सांगते.

सुरुवात झाली ती अब्राहम लिंकन यांच्या काळात. १८६२ मध्ये त्यांनी एका कायद्यावर सही केली. राज्यांना सरकारी जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. अट एकच, तिथे लष्करी शिक्षणही द्यायचं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि अधिकारी कमी पडत होते. पुढे १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, आर.ओ.टी.सी. रीतसर स्थापन झाली.

यामागे एक विचारही होता. सगळेच अधिकारी लष्करी अकादमीच्या चार भिंतींत वाढले, तर सैन्याचं जग वेगळं आणि लोकांचं जग वेगळं होईल. म्हणून थोडे अधिकारी साध्या कॉलेजांतून यावेत. इतिहास, गणित, साहित्य शिकलेले यावेत. विचार चांगला होता की नाही?

मग बिनसलं कुठे? व्हिएतनाममध्ये.

१९६० च्या दशकात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये लाखो सैनिक पाठवले. तेव्हा तिथे सक्तीची लष्करभरती होती. सरकारचं पत्र आलं की तरुणाने जायचं. पण कॉलेजात शिकणाऱ्याचं बोलावणं पुढे ढकललं जाई. आता तुम्हीच सांगा, कॉलेजात कोण असणार? ज्याच्या वडिलांकडे फीचे पैसे आहेत तो. म्हणजे श्रीमंताचा मुलगा वर्गात आणि गरिबाचा मुलगा जंगलात. त्या युद्धात ५८ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं तर कितीतरी पटींनी जास्त मेली.

विद्यार्थी चिडले. “हे युद्ध चुकीचं आहे, आमच्या विद्यापीठात त्याची तयारी नको,” असं ते म्हणू लागले. एप्रिल १९६९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एक इमारतच ताब्यात घेतली. त्यांची एक मुख्य मागणी होती : आर.ओ.टी.सी. बंद करा. हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा नामवंत विद्यापीठांतून ती हळूहळू गेलीही.

सर्वांत दुःखाची गोष्ट घडली ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात. २ मे १९७० च्या रात्री तिथली आर.ओ.टी.सी.ची इमारत जाळली गेली. नॅशनल गार्डचे जवान बोलावले गेले. ४ मे रोजी विद्यार्थी युद्धाविरुद्ध जमले असताना जवानांनी अवघी १३ सेकंदं गोळीबार केला. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. त्या जवानांतले कितीतरी जण विद्यार्थ्यांच्याच वयाचे होते.

आणि मित्रांनो, मेलेल्या चौघांपैकी एक मुलगा स्वतः आर.ओ.टी.सी.चा विद्यार्थी होता.

थोडं थांबा आणि या वाक्यावर विचार करा. ‘विद्यार्थी एका बाजूला, सैन्य दुसऱ्या बाजूला’ अशी सरळ रेघ आपण मनात ओढतो. त्या मुलाला तुम्ही रेघेच्या कुठल्या बाजूला उभं कराल?

१९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. आता ज्याची इच्छा असेल तोच सैन्यात जातो. भांडण तरी मिटायला हवं होतं, पण नाही! समलिंगी व्यक्तींनी आपली ओळख उघड केली, तर त्यांना सैन्यात राहता येणार नाही, असा कायदा १९९३ मध्ये झाला. विद्यापीठं म्हणाली, “आमच्याकडे नोकरभरतीला येणाऱ्याने भेदभाव करायचा नाही, हा आमचा नियम आहे. तो कंपन्यांना लागू, तसा सैन्यालाही लागू.” यावर संसदेने उलट नियम केला. सैन्याच्या भरती अधिकाऱ्यांना फाटकातून आत घेत नसाल, तर सरकारी अनुदान बंद! कायद्याची काही कॉलेजं न्यायालयात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. अनुदान घ्यायचं तर भरतीवाल्यांना येऊ द्या. मात्र त्यांच्यावर टीका करायला तुम्ही मोकळे आहात, असंही न्यायालयाने सांगितलं. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये तो भेदभावाचा कायदाच रद्द झाला. त्याच वर्षी हार्वर्डने नौदलाशी करार करून आर.ओ.टी.सी. परत आणली. मधली कितीतरी वर्षं हार्वर्डची मुलं कवायतीला शेजारच्या एम.आय.टी.त जात होती.

आता फाटक उघडलं. पण तोवर दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना अनोळखी झाली होती, त्याचं काय?

चला, थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन लोकांनी सैन्यात काम केलं. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती सुमारे १३ कोटी. म्हणजे दर हजारांत १२० जण. प्रत्येक आळीत, प्रत्येक नात्यात कुणी ना कुणी फौजी. आज तिथले पूर्णवेळ सैनिक सुमारे १३ लाख आणि लोकसंख्या ३४ कोटी. दर हजारांत चार! आणि हे चार तरी कुठून येतात? बहुतेकांच्या घरात आधीच कुणीतरी सैन्यात असतं. म्हणजे काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जातात आणि बाकीच्यांना एकही सैनिक नावानिशी ठाऊक नसतो. मध्यंतरी माणसंही मिळेनाशी झाली होती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूदलाला हव्या असलेल्या ६० हजार जवानांपैकी सुमारे १५ हजार कमी पडले.

म्हणूनच तिथे अजून वाद चालतो. काहीजण म्हणतात, “विद्यापीठ ही मोकळेपणाने प्रश्न विचारण्याची जागा आहे. तिथे हुकूम पाळायचं शिक्षण नको. शिवाय फीचं आमिष दाखवलं की गरीब मुलंच जाळ्यात येतात.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दुसरे म्हणतात, “तुम्ही फाटक लावून घेतलंत म्हणून युद्ध थांबत नाही. फक्त तुमच्याऐवजी दुसऱ्याचं पोर जातं. उद्याचे मंत्री, न्यायाधीश, संपादक याच विद्यापीठांतून येणार. त्यांच्या बाकावर कधी सैनिक बसलाच नाही, तर युद्धाची किंमत त्यांना कळणार कशी?”

मला हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. लढाईचा निर्णय घेणारा आणि लढाईला जाणारा, दोघं एकमेकांना ओळखत नसले की निर्णय घेणं फार सोपं होऊन बसतं.

“पण बाई, हे सगळं अमेरिकेतलं,” असं म्हणाल. मग आपलंही गणित करा. आपलं सैन्य मोठं, सुमारे १४ लाखांचं. पण लोकसंख्या १४० कोटींच्या वर. म्हणजे हजारात जेमतेम एक! तोही सगळीकडे सारखा नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही तिथल्या घराघरांतून मुलं फौजेत जातात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे निवृत्त सैनिकाला, हुद्दा कुठलाही असो, ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं तिथे रोज दिसतात. उलट शहरातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत शंभर घरं असतील, पण फौजी एकही नसेल. क्रिकेटच्या मॅचइतक्याच उत्साहाने युद्धाच्या गप्पा मात्र तिथेही रंगतात!

तुम्ही सैन्यात जावं की जाऊ नये, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवाल. पण आपल्यासाठी कोण जातं, हे माहीत असणं तर आपल्या हातात आहे ना?

म्हणून या आठवड्याचा उपक्रम : तुमच्या गावातले, आळीतले किंवा नात्यातले एक फौजीकाका किंवा फौजीताई शोधा. “तुम्ही बंदूक चालवलीत का?” हा प्रश्न सगळेच विचारतात, तो नको. हे तीन विचारा.

१. तुम्ही सैन्यात जायचं का ठरवलंत?
२. तुम्ही सीमेवर असताना घरी कुणाला सगळ्यात जास्त त्रास झाला?
३. आम्हा लोकांना तुमच्याबद्दल काय कळत नाही, असं तुम्हाला वाटतं?

आणि फौजी सापडलाच नाही तर? तर तेही वहीत लिहा : ‘आमच्या ओळखीत एकही सैनिक नाही.’ तेही उत्तरच आहे, आणि त्यावर वर्गात बोलण्यासारखं खूप आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात!

– तुमच्या बाई