पडद्यामागील वृत्तसेवक

दूरदर्शनवर बातम्या सांगणारी व्यक्ती आपण रोज पाहतो. परंतु ती बातमी आपल्यापर्यंत आणणारे हात आपणांस दिसत नाहीत. वार्ताहर, कॅमेरा चालविणारा, संकलक आणि या सर्वांची सांगड घालणारा निर्माता यांच्या श्रमांवरच वार्तापत्र उभे असते. पदवीनंतर या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम या अदृश्य कामाचीच आवड धरावी, असे माझे मत आहे.

१९२७ साली मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९५९ साली दिल्लीस व १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले. साधने पालटली, तरी कामाचे मर्म तेच राहिले. अर्ध्या मिनिटात जेमतेम साठ-सत्तर शब्द मावतात; तेवढ्यात सत्य सुबोधपणे सांगावयाचे असते. ज्याला स्वतःच्या निबंधातील फाजील शब्द खोडवत नाही, त्याला हे कसे साधावे?

मराठी माध्यमामुळे आपण मागे पडू, ही भीती व्यर्थ आहे. आपल्या सीमाभागात मराठीबरोबर कन्नड व हिंदीही कानी पडतात. वृत्तकक्षात हेच भांडवल ठरते. मात्र निदान एक भाषा तरी निर्दोष लिहिता आली पाहिजे.

या व्यवसायात रात्रपाळी आहे, नावलौकिक थोडा आहे आणि घाईचा मोह मोठा आहे. बातमी उशिरा दिली तर घटकाभर ओशाळावे लागते. खोटी दिली तर विश्वास जातो, आणि तो सहजासहजी परत येत नाही. म्हणून मित्रहो, लहान केंद्रात पडेल ते काम शिका. पण खातरजमा केल्यावाचून एक अक्षरही पुढे धाडू नका.