हप्ता भरला, पण नोंद कुठे पडली?

कर्ज बुडवा, असे आम्ही कोणालाच सांगत नाही. पण भरलेल्या पैशाची नोंद नेमकी कुठे पडली, हे विचारण्याचा हक्क कर्जदाराला आहे की नाही? वस्त्यांमध्ये गट करून दिल्या जाणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जांबाबत हा प्रश्न चळवळीने हाती घेतला पाहिजे. ही कर्जे आपल्याच आयाबहिणींच्या डोक्यावर आहेत.

थकलेले खाते वसुली एजन्सीकडे गेले की एकच पैसा दोन वह्यांतून जातो. एजन्सीचा माणूस रोख घेतो आणि मोबाइलमध्ये रक्कम टाकतो. ती एजन्सीच्या सॉफ्टवेअरला दिसते. एजन्सीने कंपनीकडे भरणा केल्यावरच ती कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्यावर जमा होते. यूपीआयने भरताना कर्ज खाते क्रमांक चुकला, तर रक्कम 'सस्पेन्स' खात्यात, म्हणजे कोणाच्याच नावावर न लागता, पडून राहू शकते. तोवर खाते थकीतच दिसते. वसुलीवाला पुन्हा दारात येतो, गटातल्या बायकांवर दबाव येतो, आणि सिबिलकडे थकबाकीदार म्हणून माहिती जाऊ शकते.

जमा झालेली रक्कम कशापोटी धरली, हा पुढचा प्रश्न. समजा, एका बाईने 1,000 रुपये भरले. सॉफ्टवेअरने आधी शुल्काचे 300 कापले, मग व्याजाचे 450. मुद्दलातून फक्त 250 वजा झाले. तिला वाटते, हजाराने कर्ज कमी झाले. हा क्रम करारात असतो, पण तो तिला वाचून कोण दाखवतो? एकाच कंपनीची दोन कर्जे असतील, तर कोणत्या कर्जापोटी पैसे देतो हे कर्जदाराने सांगावे आणि ते स्वीकारले तर तिथेच लावावे, असे भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 59 म्हणते. काहीच सांगितले नाही, तर कलम 60 प्रमाणे निवड सहसा धनकोच्या हाती जाते. गप्प राहणे महाग पडते ते असे.

रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स निर्देशांनुसार कर्जदाराला लोन कार्ड द्यावे लागते, तिला समजेल अशा भाषेत. प्रत्येक हप्त्याची पोच त्यावर हवी. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. काम एजन्सीला दिले तरी जबाबदारी कंपनीचीच राहते. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंडाच्या शुल्कावर पुन्हा व्याज लावायलाही बंदी घातली. नियम आहेत, ते बजावायला माणसे हवीत.

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. सावकाराची सत्ता त्या कागदात आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदाराला लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. आज वही सर्व्हरवर आहे, ती जाळता येत नाही. पण तिचा उतारा मागता येतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. रविवारी विहारात वंदना झाली की तासभर हिशेबवाचनाला द्या. बायकांना लोन कार्ड, पावत्या, फोनवरचे मेसेज आणायला सांगा आणि कंपनीकडून खातेउतारा लेखी मागा. पावत्यांची बेरीज आणि उताऱ्यातली बेरीज शेजारी ठेवा. फरक दिसला तर कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पावतीशिवाय एक रुपयाही कोणाच्या हातात देऊ नका, हे घरोघर सांगा.

शिकलेल्या पोराने आपल्या आईचा खातेउतारा वाचायचा नाही, तर शिकायचे कशासाठी?